ओ मिळेपर्यंत

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या रानात. तिथं हाकेला ओ द्यायचे नियम आहेत. रानातून कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला गप्प बसायचं. दुसरीलाही गप्प. तिसरी आली तर ती माणसाची, मग खुशाल ओ द्यावी. जे माणूस नाही त्याला तिसऱ्यांदा हाक मारता येत नाही, असं आमच्या कानात लहानपणीच घातलं जातं. आणि चुकून पहिल्याच हाकेला ओ गेली, तर हाक मारणाऱ्याच्या मागं जावं लागतं. मी या गोष्टींवर विश्वास ठेवते का, असं मला अंगणवाडीच्या ट्रेनिंगमध्ये एका मॅडमनी विचारलं होतं. ठेवते, म्हटलं. रानात वाढलेल्या माणसानं उगाच शहाणपणा करू नये.

लग्न होऊन मी महाडच्या खाली, सावित्रीच्या काठच्या एका गावात आले. तिथं नदी नदी राहत नाही, तिची खाडी होते. भरतीला पाणी उलटं वर चढतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी धावत घरात आले आणि सासऱ्यांना सांगितलं, "मामा, नदी माघारी चाललीय!" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढं कितीतरी दिवस गावात कुणीही भेटलं की विचारायचं, "काय वहिनी, आज नदी कुठं चाललीय?" मी सुद्धा मग "तुमच्या सासुरवाडीला" म्हणून मोकळी व्हायचे.

आमचं घर पुलाच्या तोंडाशी. पूल म्हणजे लाकडी साकव, माणसांपुरता. फार तर मोटरसायकल हातानं ढकलत न्यावी एवढा रुंद. पलीकडच्या वाड्यांना बाजाराला, दवाखान्याला यायचं तर हीच वाट. पण त्याच पाण्यातून बाणकोटच्या बाजूनं होड्या आणि मचवे वर यायचे, मासळी, कौलं, लाकूडफाटा घेऊन. त्यांना पूल आडवा यायचा. म्हणून जुन्या लोकांनी मधला तुकडा उचलता येईल असा केला होता. त्याला एका कडेला लोखंडी बिजागऱ्या आणि दुसऱ्या कडेला तारेचा दोर. दोर उंच खांबावरच्या कप्पीवरून जाऊन खाली रहाटाला गुंडाळलेला. रहाट फिरवणाऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून दगडांनी भरलेलं एक डिझेलचं पिंपही टांगलेलं होतं. खीळ काढून रहाट फिरवला की पिंप खाली यायचं आणि फळ्या वर जायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत मी ओट्यावर बसून तेच बघायचे. आमच्या घाटात रस्ता कोसळतो, पण आपणहून उठून उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

हे सगळं काम मामांचं. खालच्या वळणापलीकडून होडीवाल्याची हाक यायची. ज्याची त्याची हाक वेगळी, आणि मामा नुसत्या हाकेवरून सांगायचे की कोण आलाय. हाक आली की ते आधी पुलावर कुणी आहे का ते बघायचे आणि मग तोंडाशी दोन्ही हात धरून ओ द्यायचे. त्या ओचा अर्थ असा की ऐकलं, उघडतो, ये. भरतीबरोबर येणारी होडी पुलाशी आल्यावर थांबवता येत नाही, म्हणून गावानं आणि होडीवाल्यांनी पक्कं ठरवून ठेवलं होतं: हाक एकदाच मारायची आणि ओ मिळेपर्यंत वळणावर नांगर टाकून थांबायचं. ओ दिल्यावर मामा "पाय काढा रे!" म्हणून ओरडायचे, पुलाच्या दोन्ही तोंडांना आडवे बांबू टाकायचे आणि मगच खिळीला हात घालायचे. पुढं मोबाइल आले तरी हाक राहिली, कारण त्या वळणावर रेंज नावाला नव्हती.

माझे यजमान स्वतःची होडी चालवायचे. त्यांची हाक दोन आखूड आणि एक लांब, आणि लांब हाक शेवटी चिरायची. कोवळ्या वयात आवाज फुटला तेव्हा ती तशी चिरली आणि तशीच राहिली, असं मामा सांगायचे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मामांना ताप आला. पूल उघडायला शेजारचे काका येऊन बसले, पण ओ कुणी द्यायची? काकांचा आवाज पोचत नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. तिन्हीसांजेला वळणावरून हाक आली, दोन आखूड, एक लांब. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले, आणि दुसरी आल्यावर तिसरीची बघणार होते. तिकडं वळणावर यजमान नांगर टाकून माझ्या ओची वाट बघत बसले. त्यांच्या रिवाजात दुसरी हाक नाही आणि माझ्या रिवाजात पहिलीला ओ नाही. काका डुलकी काढत होते. भरती सरली, ओहोटी लागली, होडी चिखलात बसली, तेव्हा हा माणूस गुडघ्याएवढ्या चिखलातून चालत घरी आला.

"ओ का नाय दिलीस गो?"

"तुम्ही एकदाच हाक मारलीत."

"मग किती मारायची?"

"तीन."

ते आधी लाल झाले आणि मग खांबाला धरून हसत सुटले. पायांवरचा चिखल धुताना म्हणाले, "होडी चिखलात बसली नसती तर मी सकाळपर्यंत थितंच तुझ्या ओची वाट बघत बसलो असतो." गावानं माझं नाव तीन हाकांची सून ठेवलं. अजून काही म्हाताऱ्या मला तसंच म्हणतात.

आमची मुलगी अंगणवाडीत जायच्या वयाची होती तेव्हा एका पावसाळ्यात पाणी फार वाढलं. वरून ओंडके येत होते. पुलाशी बांधलेली होडी फुटेल म्हणून ती खालच्या एका आडोशाच्या पाण्यात नेऊन बांधायला यजमान निघाले. मी म्हटलं, रेनकोट घाला. ते म्हणाले, तूच घाल आणि चुलीपुढं बस. एवढंच आमचं शेवटचं बोलणं. लोकांची शेवटची बोलणी ऐकते तेव्हा मला राग येतो, की आपल्या वाट्याला काय तर रेनकोट.

होडी तिवरांच्या झाडीत उपडी सापडली. माणूस सापडला नाही. गावानं थेट बाणकोटपर्यंत शोधलं. असं झालं की दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात. भटजी तयार होते, भावकी तयार होती. मामा नव्हते.

"त्यानं परतताना वळणावरनं हाक मारली असल," ते म्हणाले. "पुराचा आवाज केवढा होता! मला ऐकू नाय आली. ओ नाय मिळाली म्हणून तो थांबला असल."

भटजींनी दोनदा निरोप पाठवला आणि मग पाठवायचं सोडलं. मी कुंकू पुसलं नाही, कारण क्रियाच झाली नव्हती. फक्त आरशात बघून लावायचं सोडून दिलं. अंदाजानं बोट टेकवायचे. कुणी समोरून बघून "वाकडं लागलंय" म्हणालं की मला तिथंच बसून रडावंसं वाटायचं, आणि रडायचं कशाला, तेही ठरलेलं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईला गाव काहीतरी जागा देतं. मला कुठलीच नव्हती.

पाऊस संपला, होड्या परत सुरू झाल्या. एका तिन्हीसांजेला मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. मामा एकदम उठले, पुलावर गेले आणि त्यांनी ओ दिली. मी हाक ऐकली नव्हती. त्यांनी बांबू टाकले, रहाट फिरवला, फळ्या उभ्या राहिल्या. वळणाकडून काहीच आलं नाही. पाणी काळंभोर, संथ वर चढत होतं. मामा खिळीवर हात ठेवून उभे होते. पुष्कळ वेळानं त्यांनी पूल खाली घेतला, घरात आले आणि पाणी मागितलं.

"कोण होतं?" मी विचारलं.

"त्याचीच हाक," ते म्हणाले. "पण आला नाय. कायतरी अडलं त्याचं."

मी खाली जाऊन पुलाच्या खांबांकडं बघत उभी राहिले. होडी गेल्यावर खांबांना जशा लाटा आपटतात तशा आपटत होत्या, एकामागून एक, आणि वारा तर पडलेला होता. मी दोन पावलं मागं सरले. आणि खरं सांगायचं तर रागही आला. यायचं असेल तर नीट या, नाहीतर म्हाताऱ्याला छळू नका, असं मी पाण्याकडं बघून मनात म्हटलं.

त्यानंतर ते चालूच राहिलं. रोज नाही. कधी लागोपाठ, कधी महिनाभर काही नाही. पण तिन्हीसांज आणि भरती एका वेळी आली की माझा जीव थाऱ्यावर नसायचा. गावानं मामांना सांभाळून घेतलं, हे मात्र कबूल करायला हवं. बाजाराच्या पिशव्या घेऊन माणसं बांबूपाशी उभी राहायची. कुणी नवखा कुरकुरला तर त्याला सांगायची, "जरा थांब. म्हातारा लेकाला घेतोय." पूल खाली आला की मुकाट्यानं चालायला लागायची.

हळूहळू पाण्यात गाळ भरला. माल टेम्पोनं जायला लागला. एकेक होडीवाला कमी होत गेला आणि शेवटी वर यायला कुणीच उरलं नाही. मामांचे कानही गेले. टीव्ही एवढा मोठा लावायचे की शेजारच्यांना बातम्यांसाठी वेगळा टीव्ही नको. मी दोन हातांवरून बोललेलं त्यांना ऐकू यायचं नाही, पण वळणावरची हाक यायची. पूल आता फक्त त्या एकाच होडीसाठी उघडत होता.

आणि एकदा ती हाक मलाही आली.

मी काठावर भांडी घासत होते. मामा तालुक्याला डोळे दाखवायला गेलेले, अजून परतले नव्हते. वळणाच्या बाजूनं दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी चिरलेली. हातातलं पातेलं पाण्यात गेलं. ओ माझ्या गळ्यापर्यंत आली होती. मी पदर तोंडात कोंबला आणि तशीच उकिडवी बसून राहिले. दुसरी हाक आली नाही. येणारच नव्हती, ते तर मला चांगलंच ठाऊक होतं. माझ्या माहेरच्या हिशेबानं ते माणूस नव्हतं. आणि सासरच्या हिशेबानं तो माझा नवरा होता आणि शहाण्यासारखा थांबला होता. मी कुणाला काही सांगितलं नाही. त्या रात्रीपासून वळणाकडच्या अंगाची खिडकी मात्र लावून घ्यायला लागले.

परवाच्या शिमग्याला मुलगी मुंबईहून आली. तिथं ती नोकरी करते, बोलताना अर्धं हिंदी असतं. पलीकडच्या वाडीत मैत्रिणीकडं गेली होती, ती तिन्हीसांजेला मोबाइलवर बोलत परत येत होती. मी ओट्यावरून बघत होते. पूल उभा होता, मामा रहाटाशी उभे होते, आणि पलीकडचा बांबू टाकलेलाच नव्हता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी ओरडले. मामांना ऐकू आलं नाही, तिला फोनमुळं आलं नाही. फळ्या संपतात तिथं तिचा एक पाय पुढं गेला, चप्पल सुटून पाण्यात पडली आणि ती खांबाला मिठी मारून कशीबशी उभी राहिली.

पूल खाली आल्यावर ती एकाच चपलेनिशी घरात शिरली. "अरे यार, मैं गिर जाती! आई, हा काय प्रकार आहे? एकही होडी नाही, कोणासाठी उघडतात हे?"

मी तिला जवळ घेतलं. तिचा बाप तिला आठवत नाही.

मामांनी सगळं उशिरा पाहिलं. पलीकडं जाऊन उभ्या बांबूला हात लावून आले आणि ओट्याच्या कडेला बसले. जेवले नाहीत. मी त्यांना खूप बोलणार होते, शब्द तयार होते माझे, पण त्यांचे हात मांडीवर पालथे पडलेले पाहिले आणि ताट झाकून ठेवलं. सकाळी मुलगी गाडीला निघाली तेव्हा त्यांनी तिच्या पायातल्या नव्या चपलांकडं बराच वेळ बघितलं. ती गेल्यावर मला म्हणाले, "सुताराला बोलव गो. ठोकून टाक पूल."

वरंधकडचा एक सुतार आला. त्यानं मधल्या तुकड्याला दोन्ही कडांनी जाड पट्ट्या लावल्या, बोल्ट मारले, तारेचा दोर उतरवला. पिंपातले दगड काठावर ओतले. दुपारपर्यंत काम झालं. गावातली माणसं मुद्दाम मधल्या फळ्यांवर पाय आपटून बघून गेली. मामा दिवसभर घरात भिंतीकडं तोंड करून पडले होते. मला वाटलं, सुटलो एकदाचे. आता क्रियेचं बोलता येईल, मला माझं काय ते ठरवता येईल.

उन्हं उतरल्यावर मामा उठून बाहेर आले.

"भरती हाय आज," ते म्हणाले. "त्याला सांगायला पायजे."

"काय सांगायचं?"

"पूल बंद केला म्हणून. त्याला कुठनं कळणार? ओची वाट बघत बसल तो वळणावर. किती वर्षं बसल?"

"मग सांगा तुम्ही," मी म्हटलं, जरा तोडूनच.

त्यांनी मान हलवली. "माझ्या आवाजानं नाय चालायचं. एवढ्या लांबून शब्द कुठं कळतात? माझा आवाज गेला की तो ओच समजतो. उचलंल नांगर आणि येईल, आणि आपटंल पुलावर. तू सांग."

मी नाही म्हटलं. आमच्यात गेलेल्याला आपणहून हाक मारत नाहीत, म्हटलं. मला भीती वाटते, असंही सांगितलं, आणि ते खरंच होतं. मामा काठी घेऊन एकटेच पुलाकडं चालायला लागले. त्यांच्या मागं गेले नसते तर बरं झालं असतं की काय, मला माहीत नाही. गेले.

मधल्या तुकड्यावर आम्ही दोघं उभे राहिलो. नवे बोल्ट पायाला टोचत होते. खाली पाणी चढत होतं. मामांनी वळणाकडं मान वळवली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि मला म्हणाले, "आली. बोल."

मला काही ऐकू आलं नव्हतं. पण बोलायचं तरी कसं? जन्मात कधी मी त्या माणसाला लांबून हाक मारलेली नव्हती. नाव घ्यायची रीत नाही. घरात जे काही अहो म्हटलं असेल ते पाठीमागून, हळू, भाकरी थापता थापता. त्यांच्या हाकेला ओ द्यायला मी होते, पण त्यांना हाक मारायला माझ्याजवळ शब्दच नव्हता. दोन्ही हात मी तोंडाशी धरले.

"अहो!"

आवाज फुटला. परत घसा साफ केला.

"अहो! पूल बंद केलाय! आता उघडायचा नाही! पोरगी मोठी झालीय, नोकरी करते! मामा बरे आहेत! ओची वाट बघू नका! अहो, थांबू नका आता!"

मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मला मोठ्यानं रडू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की कशासाठी रडतेय. पाण्याचा आवाज येत होता. दुसरं काही नाही. काही आलं असेल तर ते माझ्याच रडण्यात गेलं.

मामा वळणाकडं कान करून वाट बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना आता काहीच ऐकू येत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"बरं म्हणाले."

त्यांनी ते दोनदा हलक्यानं स्वतःशी म्हटलं. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. घराकडं निघाले, दोन पावलं गेले आणि माझ्याकडं न बघता थांबले.

"लगेच म्हणाला?"

"नाही," मी म्हटलं. "जरा वेळ घेतला त्यांनी."